धरलेल्या खुर्च्या, सोडलेल्या खुर्च्या: नाट्यगृहातल्या पाहुण्यांच्या जागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं नाटकाच्या तिकीटखिडकीत बसले. काचेपलीकडून सगळ्यात जास्त आवाज चढले ते तिकिटाच्या दरावरून नाही, "आत जागा रिकाम्या दिसतायत आणि तुम्ही आम्हाला परत पाठवताय" यावरून. तो राग खरा असतो. पण मागे रांग उभी असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ती उत्तरं इथे सावकाशीने लिहिते आहे.

बुकिंग उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच मधल्या चांगल्या खुर्च्या भरलेल्या दिसतात. एवढ्या घाईने घेतं तरी कोण?

बहुतेक वेळा कोणीच घेतलेल्या नसतात, कारण त्या विक्रीला आलेल्याच नसतात. लोकांसाठी प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, उघडण्याआधी निर्माता आणि नाट्यगृह मिळून काही खुर्च्या बाजूला काढतात. आम्ही त्याला खुर्च्या 'धरणं' म्हणायचो, आणि त्या परत विक्रीला आणणं म्हणजे 'सोडणं'. तुमच्या मोबाइलवर विकलेली खुर्ची आणि धरलेली खुर्ची एकाच राखाडी रंगात दिसते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. आमच्या संगणकाच्या पडद्यावर मात्र लेखकाच्या खुर्च्यांचा रंग वेगळा, निर्मात्याच्या वेगळा, ध्वनीवाल्यांनी अडवलेल्या जागांचा वेगळा. प्रत्येक धरलेल्या खुर्चीला एक मालक असतो आणि एक कारण असतं.

म्हणून पहिल्याच दिवशी हिरमुसून शेवटच्या रांगेतली तिकिटं घेऊन टाकू नका, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

या खुर्च्या म्हणजे फुकट पास ना?

नाही. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. ज्यांना 'हाऊस सीट' म्हणतात, त्या बहुतेक ठिकाणी पूर्ण दराने विकल्या जातात. ज्याच्या नावावर त्या धरलेल्या असतात त्याला मिळतो तो आधी विकत घेण्याचा हक्क. प्रयोग महिनाभर आधी भरला तरी त्याच्यासाठी दोन बऱ्या जागा थांबलेल्या असतात, एवढंच. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तर ज्या नटाच्या नावावर लोक रांग लावतात, त्यालाही आपल्या आईवडिलांसाठी हाऊस सीट घ्यायची तर पैसे मोजावे लागतात.

सन्मानिका ही वेगळी गोष्ट. ती फुकट असते आणि तिची यादीही वेगळी असते: समीक्षक, वार्ताहर, जे नाटक पाहून पुढचे प्रयोग ठरवणार आहेत असे आयोजक. दोन्ही याद्या एकाच पाकिटात घातल्या की हिशेब बिघडतो.

नेमक्या कोणाकोणासाठी धरतात?

लेखक, दिग्दर्शक, संगीतकार, नेपथ्यकार, प्रमुख नट यांच्या करारातच हे लिहिलेलं असतं: दर प्रयोगाला किती खुर्च्या, साधारण कुठल्या भागात, किती तास आधी सांगायचं. ज्यांनी पैसा घातला त्यांचा वाटा असतो, नाट्यगृहाच्या मालकाचा असतो, प्रायोजकांचा असतो. प्रसिद्धी सांभाळणाऱ्याचा आकडा दर आठवड्याला बदलतो.

याखेरीज एक लहानसा साठा व्यवस्थापकाच्या हाताशी असतो. आमच्याकडे त्या चार खुर्च्या होत्या आणि आम्ही त्यांना 'अडीअडचणीच्या' म्हणायचो. एकच जागा दोघांना विकली गेली, खुर्चीचा स्प्रिंग वर आला, पायाला प्लास्टर असलेल्या बाईंना मधल्या वाटेकडेची जागा हवी आहे, छोट्या मुलीसमोर सहा फुटी गृहस्थ येऊन बसले: यातलं काही ना काही जवळजवळ रोज व्हायचं. मग त्या चारांतली एक खुर्ची निघायची. पाहुण्यांच्या नावाने धरलेल्या सगळ्या खुर्च्या कोणी काढून घेतल्या असत्या तरी मी तक्रार केली नसती, पण या चार मी कोणालाही हात लावू दिल्या नसत्या.

एका प्रयोगाला किती खुर्च्या धरलेल्या असतात?

छोट्या प्रायोगिक जागेत दोन-चार. मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहात काही डझन. शुभारंभाच्या प्रयोगाला मात्र हा नियम उलटा होतो. त्या दिवशी नाट्यगृहातली बहुतेक माणसं निमंत्रित असू शकतात आणि लोकांसाठी थोडक्याच जागा उरतात. त्यामुळे पहिल्या प्रयोगाचं तिकीट मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला नाटक बसलेलं असतं आणि प्रेक्षकही खरे असतात.

मग पहिली रांग पाहुण्यांची असते का?

समारंभात असते, नाटकात सहसा नसते. पहिल्या रांगेतून मान वर करून बघावं लागतं, रंगमंच उंच असेल तर नटांचे पाय कापले जातात आणि मागचं नेपथ्य एकसंध दिसत नाही. जाणती माणसं पाचव्यापासून दहाव्या रांगेपर्यंतचा मधला पट्टा मागतात, आणि धरलेल्या खुर्च्या बहुधा तिथेच असतात.

समीक्षकांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना वाटेच्या कडेची खुर्ची देण्याची पद्धत पडली, कारण पडदा पडताक्षणी धावत जाऊन रात्रीच्या अंकासाठी मजकूर द्यायचा असे. ब्रॉडवेवर आता समीक्षक शुभारंभाच्या आधीच्या प्रयोगांना येऊन बघून जातात, त्यामुळे धावाधाव संपली. कडेची खुर्ची मात्र टिकून आहे.

पाहुण्यांसाठी नसलेल्या पण तरीही बंद असलेल्या जागा असतात, त्या कशासाठी?

नवं नाटक उभं राहत असताना ध्वनीचं टेबल कुठे बसेल, कॅमेरा लागेल का, नेपथ्याची एखादी भिंत डाव्या कोपऱ्यातल्या लोकांची दृष्टी अडवेल का, हे प्लॅन उघडतो त्या दिवशी कोणालाच पक्कं ठाऊक नसतं. म्हणून संशयाच्या जागा अडवून ठेवतात. तांत्रिक तालीम झाली, दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार त्या खुर्च्यांत स्वतः बसून आले, की त्यातल्या बऱ्याचशा मोकळ्या होतात. शुभारंभाच्या आठवड्यात अचानक उत्तम जागा दिसू लागतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

चाकाच्या खुर्चीच्या जागा आणि सोबत्याची शेजारची जागा याही धरलेल्याच असतात, पण त्यांच्याकडे पाहुण्यांच्या खुर्च्यांसारखं बघू नये. अमेरिकेत याला कायद्याचं बळ आहे: 2010 साली सुधारलेल्या नियमांनुसार, बाकीच्या सगळ्या जागा, किंवा त्या भागातल्या अथवा त्या दराच्या सगळ्या जागा विकल्या गेल्याखेरीज या जागा इतरांना देता येत नाहीत. हे मला अगदी रास्त वाटतं. पाचव्या रांगेत जागा नसली तर बाकीचे आठव्या रांगेत बसू शकतात, चाकाच्या खुर्चीला आठवी रांग नसते.

धरलेल्या खुर्च्या सोडतात कधी?

याचं उत्तर नीट कळलं की बाकी सगळं कळतं.

प्रत्येक यादीला मुदत असते. लेखक-दिग्दर्शक-नटांच्या हाऊस सीटसाठी ती साधारण प्रयोगाच्या दोन दिवस आधी, म्हणजे 48 तास असते. काही ठिकाणी 24, काही ठिकाणी 72. त्या वेळेपर्यंत नाव आलं नाही तर खुर्ची आपोआप विक्रीला जायला हवी. प्रायोजकांचा साठा त्यांनी नावं कळवल्यावर, बहुधा आठवडाभर आधी, सुटतो. प्रसिद्धीचा प्रयोगाच्या दिवशी दुपारी. अडीअडचणीच्या खुर्च्या सगळ्यात शेवटी, पडदा वर जायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी.

संगणक येण्याआधी आमच्या टेबलावर कागदाचा प्लॅन असायचा, काचेखाली दाबलेला. धरलेल्या चौकोनांवर निळ्या पेन्सिलीची फुली, विकलेल्यांवर लाल. शाई कधीच नाही, कारण निळी फुली पुसायची असते हे गृहीत असे. शेजारी खोक्यात खाकी पाकिटं, प्रत्येकावर नाव आणि आकडा. दुपारी निर्मात्याच्या कचेरीतून फोन यायचा. पलीकडचा माणूस नुसता वाचत जायचा: "एफ बारा, तेरा, सोडा. जी नऊ, दहा, ठेवा. एच पूर्ण सोडा." मी रबर फिरवत जायचे. फोन खाली ठेवला की खिडकीवरच्या पहिल्या माणसाला सांगायचे, "सहाव्या रांगेत मधल्या दोन आहेत." त्या माणसाचा चेहरा बघणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा भाग होता.

आता त्या फोनचं काम संगणक करतो. मुदत घालून ठेवली की तो बरोबर वेळेला जागा मोकळ्या करतो. अडचण अशी की कोणीतरी मुदत वाढवू शकतं, आणि "एखाद्या वेळी साहेब येतील" म्हणून वाढवतंच.

सोडलेली खुर्ची आपल्याला मिळावी म्हणून काय करायचं?

प्रयोगाच्या तीन दिवस आधीपासून प्लॅन पुन्हा पुन्हा बघा, विशेषतः सकाळी. दोन दिवस आधी आणि आदल्या दिवशी बघणं तर चुकवूच नका. एकटे असाल तर तुमची संधी पुष्कळ वाढते, कारण धरलेल्या खुर्च्या जोडीने असतात आणि जोडीतला एकच पाहुणा येणार असं अनेकदा होतं. चौघांना एकत्र बसायचं असेल तर ही वाट धरू नका.

खिडकीवर गेलात तर "हाऊसफुल्ल आहे का?" एवढंच विचारून परत फिरू नका. "धरलेल्यांपैकी काही सुटायचं आहे का, आणि किती वाजता?" असं विचारा. खिडकीतल्या माणसाला हा प्रश्न समजतो आणि शक्यतो तो खरं उत्तर देतो. नाव नोंदवून घेण्याची पद्धत असेल तर नोंदवा आणि आसपासच थांबा. नाव पुकारलं तेव्हा माणूस रस्त्यापलीकडे गेलेला, असं फार व्हायचं. रोख आणि कार्ड दोन्ही जवळ असू द्या, कारण तिसऱ्या घंटेच्या आधी यंत्र बंद पडण्याची त्या यंत्रांना सवयच असते.

पाहुणा आलाच नाही तर?

पैसे भरलेले असतील तर खुर्ची त्याची. तो येवो न येवो, तिथे दुसऱ्याला बसवता येत नाही. फुकट सन्मानिका असेल आणि तिसरी घंटा झाली असेल, तर माझ्या मते नाट्यगृहाने ती जागा द्यावी. पत्रिकेवर तसं छापलेलं असावं, म्हणजे उशिरा आलेल्या पाहुण्याला मागे बसवताना कोणाला संकोच वाटणार नाही.

एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. चौथ्या रांगेतल्या पाच खुर्च्या एका यजमान मंडळीने आपल्या पाहुण्यांसाठी धरल्या होत्या. दुपारी मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "येतायत, ठेवा" असं उत्तर मिळालं. एक म्हातारं जोडपं पाच वाजल्यापासून दाराशी बसून होतं. त्या नाटकातल्या नटीला त्यांनी ती तरुण असताना पाहिलं होतं आणि पुन्हा एकदा बघायचं होतं. अडीअडचणीच्या चारही खुर्च्या तोवर गेल्या होत्या. घंटा झाली, दारं लागली, ती दोघं एकमेकांचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. पहिला अंक संपेपर्यंत ती पाच आसनं तशीच मिटलेली राहिली. मध्यंतरात कळलं की पाहुण्यांनी येत नसल्याचं सकाळीच कळवलं होतं. तो निरोप माझ्यापर्यंत पोचवायचा राहून गेला होता. प्रयोग संपल्यावर त्या नटीने आत येऊन विचारलं, "चौथी रांग का रिकामी होती हो?" रंगमंचावरून अंधारात बाकी काही दिसत नाही, पण पुढच्या रांगेतलं भोक दिसतं.

खुर्च्या धरण्याला माझा विरोध नाही. ज्यांनी नाटक उभं केलं त्यांच्या माणसांसाठी जागा असावी, यात गैर काही नाही. पण धरलेली खुर्ची वेळेवर न सोडणं हा नटावर आणि दारातून परत गेलेल्या माणसावर अन्याय आहे, असं मी त्या दिवसापासून मानते.

धरलेल्या खुर्च्यांचा काळाबाजार होतो का?

झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये तिकिटामागे खिडकीच्या आतल्या बाजूला चोरून घेतल्या जाणाऱ्या जादा पैशाला 'आइस' म्हणत. 1963 साली तिथले महाधिवक्ता लुई लेफ्कोविट्झ यांनी या प्रकाराची जाहीर चौकशी केली, तेव्हा चांगल्या जागा खिडकीवर न येता आतल्या आत दलालांकडे कशा जातात हे चव्हाट्यावर आलं. पाहुण्यांच्या नावाने धरलेली खुर्ची यासाठी फार सोयीची असते. ती बाहेर दिसत नाही आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून शहाणं नाट्यगृह धरलेल्या प्रत्येक खुर्चीची नोंद ठेवतं: कोणाच्या सांगण्यावरून धरली, कोणाच्या नावावर गेली, कोणी सही केली.

ऑक्टोबर 2001 मध्ये ब्रॉडवेवर 'द प्रोड्यूसर्स' या संगीत नाटकाने निराळा मार्ग काढला. दलाल उकळत असलेला पैसा निर्मात्यांकडेच यावा म्हणून काही उत्तम खुर्च्या उघडपणे 480 डॉलरला विकायला काढल्या. त्यानंतर ही पद्धत सर्वत्र रुजली. पैसा योग्य हातात गेला हे खरं, पण पूर्वी दोन दिवस आधी साध्या दराने सुटणाऱ्या जागा आता चढ्या दराने सुटू लागल्या. मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो, पण प्रेक्षकाच्या बाजूचा वाटत नाही.

विशेष पाहुणा म्हणजे नेहमी बडा माणूसच का?

मुळीच नाही, आणि याचं उदाहरण मला फार आवडतं. 1996 साली 'रेंट' हे संगीत नाटक ब्रॉडवेच्या नेदरलँडर नाट्यगृहात आलं, तेव्हा पहिल्या दोन रांगा रोज धरून ठेवल्या जायच्या आणि प्रयोगाच्या दिवशीच 20 डॉलरला विकल्या जायच्या. ज्यांच्याविषयी ते नाटक होतं, त्या खिसा रिकामा असलेल्या तरुणांना ते पुढून बघता यावं म्हणून. मुलं रात्रभर फुटपाथवर झोपू लागली, तेव्हा पुढे चिठ्ठ्या टाकून नावं काढायला सुरुवात झाली. दिवसाच्या दिवशी जागा सोडण्याची आणि सोडतीची जी पद्धत आज इतक्या ठिकाणी दिसते, तिला खरी चालना तिथून मिळाली. न विकलेली तिकिटं त्याच दिवशी कमी दराने देणारी टाइम्स स्क्वेअरमधली खिडकी तर 1973 पासूनच आहे, लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये 1980 पासून.

ही प्रथा किती जुनी आहे?

नाटकाइतकीच. अथेन्सच्या डायोनिसस या देवाच्या नाट्यगृहात पुढच्या रांगेत 67 संगमरवरी आसनं होती. मधलं सगळ्यात देखणं आसन त्या देवाच्या पुजाऱ्याचं, बाकीच्यांवर कोणाचं आसन ते कोरलेलं. पुढे बसण्याच्या या मानाला प्रोएड्रिया म्हणत आणि परदेशी दूतांनाही तो मिळे. इसवी सनपूर्व 346 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाचे दूत आले, तेव्हा अथेन्सचा पुढारी डिमॉस्थेनिस याने त्यांच्या खुर्च्यांवर उशा ठेवल्या, जांभळी वस्त्रं अंथरली आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली, असं त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनीझ सांगतो. प्रतिस्पर्ध्याचा शब्द आहे, पण हुर्यो मला ओळखीची वाटते.

रोममध्ये सिनेटरांच्या जागा आधीपासून वेगळ्या होत्या. इसवी सनपूर्व 67 च्या रोस्कियन कायद्याने त्यामागच्या 14 रांगा 'इक्विटीज' या श्रीमंत वर्गासाठी राखल्या. चार वर्षांनी तो कायदा आणणारा ओथो नाट्यगृहात आला, तर सामान्य लोकांनी त्याला शिट्ट्या मारल्या, इक्विटीजनी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असलेल्या सिसरोला येऊन लोकांना शांत करावं लागलं. "आत जागा रिकाम्या आणि आम्ही बाहेर" हे भांडण दोन हजार वर्षांचं आहे.

लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात तर दोन शाही कक्ष आहेत, एक राजाच्या बाजूचा, एक राजपुत्राच्या बाजूचा. तिसरा जॉर्ज आणि त्याच्या मुलाचं पटत नसे, त्यामुळे दोघांना समोरासमोर यावं लागू नये अशी सोय झाली. पाहुणे कुठे बसवायचे यापेक्षा कोणाशेजारी बसवायचे नाहीत, हे जास्त अवघड असतं.

नाटकातला एक नट माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे हाऊस सीट मागणं बरं दिसतं का?

बरं दिसतं, पण आठवडाभर आधी मागा, पैसे देण्याची तयारी आधीच सांगा आणि तारीख पक्की असल्याखेरीज मागू नका. त्याच्या वाट्याला दोनच खुर्च्या असतात आणि त्या मागणारे पुष्कळ. खुर्च्या मिळाल्यावर जमणार नाही असं दिसलं, तर त्याच क्षणी कळवा.

कधीकधी उलटंच होतं, फुकट पास वाटत फिरतात. ते का?

नवं नाटक असतं, बुकिंग थंड असतं, आणि रिकाम्या घरासमोर विनोदी प्रवेश करणं नटांसाठी शिक्षा असते. म्हणून घर 'भरून काढतात'. संस्था, वसतिगृहं, रुग्णालयांतले कर्मचारी यांना पास जातात. हे चांगलंच आहे, फक्त ते पास बाल्कनीतून सुरू न करता मधूनच द्यावेत. माणसं एकत्र बसली की हशा पसरतो.

आमची छोटी हौशी संस्था आहे. दीडशे खुर्च्यांचं घर. आम्ही किती धराव्यात?

सहा धरा. दोन लेखक-दिग्दर्शकाच्या, दोन समीक्षकांच्या, दोन अडीअडचणीच्या. कलाकारांच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी तिकिटं विकत घ्यायला सांगा, ते आनंदाने घेतात. सोडण्याची वेळ कागदावर लिहून खिडकीत चिकटवा: पहिल्या चार आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला, शेवटच्या दोन दुसऱ्या घंटेला. आणि त्या वेळी फोन न करता, कोणाला न विचारता सोडायचा अधिकार खिडकीत बसलेल्या माणसाला द्या.

सन्मानिका मिळाली आहे, पण ऐनवेळी जाता येत नाहीये. कोणाला कळवायचं?

ज्याने दिली त्याला, आणि लगेच तिकीटखिडकीलाही. दोघांनाही. रांग आणि आसन क्रमांक सांगा आणि "सोडा" म्हणा. प्रयोगाला अर्धा तास उरला असला तरी कळवा. दाराशी कोणीतरी थांबलेलं असतं.